स्वयंपाकघरातील चिमणी : यंत्राआधी नळीचा विचार

स्वयंपाकघराचे नूतनीकरण काढले, की घरात चर्चा रंगते ती ओट्याच्या ग्रॅनाइटची, टाइल्सच्या रंगाची आणि ट्रॉल्यांच्या संख्येची. विजेवर चालणारी चिमणी ही बहुतेक घरांत शेवटी येणारी वस्तू. सुतारकाम संपत आलेले असते, टाइल्स लागून गेलेल्या असतात, दुकानातून खोके येते, पाठोपाठ कंपनीचा माणूस येतो आणि ‘नळी कुठून काढायची?’ हा प्रश्न तेव्हा प्रथमच विचारला जातो. मग उरलेल्या वाटेने, म्हणजे कपाटांच्या माथ्यावरून तीन-चार वळणे घेत, जुन्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकापर्यंत नळी कशीबशी नेली जाते. चिमणी सुरू होते, आवाज करते, दिवा लागतो. पण मिरचीच्या फोडणीचा ठसका पूर्वीप्रमाणेच दिवाणखान्यापर्यंत पोहोचतो. दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक धूर घराबाहेर जाणार की नाही, हे बव्हंशी दोन गोष्टींवर ठरते : धूर बाहेर नेणारी नळी आणि त्याच्या जागी घरात येणारी हवा. या दोहोंचा निर्णय टाइल्स लागण्यापूर्वी, किंबहुना जुना ओटा फोडण्यापूर्वी घ्यावा लागतो.

चिमणीकडे अजूनही पुष्कळदा हौसेची वस्तू म्हणून पाहिले जाते. कपाटे तेलकट होऊ नयेत, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. प्रत्यक्षात कढईतून वर उठणाऱ्या धुरात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. त्यांपैकी अडीच मायक्रोमीटरहून लहान कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर पोहोचतात. जळणाऱ्या गॅसमधून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या वाफांचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आहे. दिवसातून दोनदा फोडणी घालणाऱ्या, सणासुदीला तासन्‌तास तळणीपुढे उभे राहणाऱ्या घरांना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. चुलीचा धूर गेला आणि गॅस आला, तेव्हा स्वयंपाकघर निर्धूर झाल्याचा समज पसरला. जळणाचा धूर कमी झाला, हे खरेच. मात्र पदार्थाचा धूर होता तिथेच राहिला. शिवाय जुन्या कौलारू घरात त्याला कौलांच्या फटींतून वाट मिळत असे. सिमेंटच्या स्लॅबखालच्या आठ बाय दहा फुटांच्या खोलीत तीही उरली नाही.

शब्द जुना, वस्तू नवी

मराठीत चिमणी म्हणजे पक्षी, चिमणी म्हणजे रॉकेलचा लहान दिवा आणि गिरणीवरची धूर ओकणारी चिमणीही आपल्या ओळखीचीच. ओट्यावरच्या या यंत्राला इंग्रजी मुलखात वेगळे नाव असले, तरी भारतात सर्वत्र ते चिमणी म्हणूनच विकले जाते. एका अर्थी हे नाव दिशाभूल करणारे आहे. गिरणीची चिमणी उंचीच्या आणि उष्णतेच्या बळावर धूर वर खेचते. ओट्यावरच्या चिमणीत खेचण्याचे सगळे काम मोटरला जोडलेला पंखा करतो आणि बाकीची चिमणी म्हणजे त्या पंख्याखाली लावलेले एक झाकण असते.

या उद्योगातील फेबर आणि इलिका ही आपल्याकडे परिचित असलेली दोन नावे इटलीतील एकाच गावची, फाब्रियानोची. हाताने केलेल्या कागदासाठी मध्ययुगापासून प्रसिद्ध असलेल्या या गावात १९५५ साली फेबर आणि १९७० साली इलिका सुरू झाली. इलिकाचा भारतातील व्यवसाय पुण्यातून उभा राहिला आणि २०२१ मध्ये त्यातील मोठा हिस्सा व्हर्लपूल ऑफ इंडियाने घेतला. तेव्हा ‘परदेशी बनावटीची, आपल्या फोडणीला चालेल का?’ ही शंका आता फारशी उरलेली नाही. येथे विकली जाणारी यंत्रे तेलकट, मसालेदार स्वयंपाक गृहीत धरूनच आखलेली असतात.

जाळीच्या प्रकारांविषयी मात्र खरेदीआधी थोडे जाणून घेणे बरे. अॅल्युमिनियमच्या बारीक जाळ्यांचे थर असलेली कॅसेट जाळी स्वस्त असते, पण तळणीच्या घरात ती झपाट्याने तुंबते आणि तुंबली की पंख्याचा जोर वाया जातो. स्टीलच्या वक्र पट्ट्यांच्या बॅफल जाळीत हवा वळणे घेत जाते, जड तेल पट्ट्यांवर आपटून खाली ओघळते आणि हवेची वाट मोकळी राहते. मराठी स्वयंपाकाला ही अधिक मानवते. अलीकडच्या बिनजाळीच्या चिमण्यांत तेल थेट पंख्याच्या घरात जाते, तिथून फिरण्याच्या वेगाने बाजूला फेकले जाऊन वाटीत जमते. ‘ऑटो क्लीन’ म्हणून जो गुण सांगितला जातो, त्यात तापणारी तार पंख्याभोवतीचे तेल पातळ करून वाटीत उतरवते. सोय चांगली आहे. परंतु हे स्वच्छतेचे काम पंख्यापुरतेच असते, पुढच्या नळीला त्याचा काही लाभ नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

राहिली ती बिननळीची चिमणी. तीत हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडली जाते. कोळसा वास काही अंशी शोषतो, पण वाफ, उष्णता, कार्बन मोनॉक्साइड हे सगळे घरातच राहते. कोळशाची जाळी दर काही महिन्यांनी बदलावी लागते, ती सहसा धुता येत नाही. बाहेर भोक पाडणे खरोखरच अशक्य असेल, तरच हा मार्ग पत्करावा. अशा घरात योग्य जागी बसवलेला नऊ किंवा बारा इंची एक्झॉस्ट फॅन पुष्कळदा बिननळीच्या महागड्या चिमणीहून अधिक उपयोगी ठरतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर त्याचाच विचार आधी करावा.

खोक्यावरचा आकडा

चिमणीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो शोषणक्षमतेचा : तासाला १,००० घनमीटर, १,२००, कधी १,५००. आकडा जितका मोठा तितकी चिमणी चांगली, असा हिशेब दुकानात मांडला जातो. तो जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

आठ फूट रुंद, दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघराचे आकारमान ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २० घनमीटर भरते. अशा खोलीतील हवा तासाला १० ते १५ वेळा बदलावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यानुसार २०० ते ३०० घनमीटरांचे काम निघते. फोडणीचा लोट अचानक आणि जोरात येतो, म्हणून दुप्पट धरले तरी ६०० घनमीटर पुरतात. १,२०० घनमीटरांची चिमणी खरोखर तेवढी हवा खेचू लागली, तर या खोलीतील सगळी हवा दर मिनिटाला एकदा बाहेर पडेल. तसे घडत नाही, कारण जाहिरातीतला आकडा बहुधा पंख्यापुढे फारसा अडथळा नसतानाचा असतो. नळी जोडली, वळणे आली, तोंडाला जाळी बसली, की तो आकडा घसरत जातो; किती घसरतो ते नळी ठरवते. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत काढून टाकली असेल, तर मात्र मोजमाप दोन्ही खोल्यांचे धरावे लागते. बारा बाय अठराचा दिवाणखाना जोडला, की २० घनमीटरांचे ७५ होतात आणि मग मोठ्या यंत्राला खरोखरच अर्थ येतो. भिंत पाडण्याचा बेत असलेल्यांनी हे गणित भिंत उभी असतानाच करावे.

आकड्याइतकेच महत्त्व झाकणाच्या रुंदीला आहे. दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटिमीटरची चिमणी चालते; तीन-चार बर्नरच्या शेगडीला ७५ किंवा ९० सेंटिमीटर लागतात. धूर वर जाताना पसरत जातो, म्हणून झाकण शेगडीपेक्षा थोडे रुंद असणे चांगले. तिरक्या काचेच्या सपाट चिमण्या दिसायला देखण्या असतात आणि डोक्याला लागत नाहीत, परंतु धूर क्षणभर साठवून धरणारी पोकळी त्यांना नसते. पुढच्या बर्नरवरच्या कढईचा लोट त्यांच्या हातून निसटतो. रोज तळण असणाऱ्या घराने देखणेपणाला किती किंमत द्यायची, हे ठरवावे.

नळीची वाट

बहुतेक चिमण्यांच्या माथ्यावरचे तोंड सहा इंची, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर व्यासाचे असते. तिथून निघालेली नळी शेवटपर्यंत सहा इंचीच राहिली पाहिजे. भिंतीत आधीच चार इंची भोक आहे म्हणून पुढे चार इंची नळी जोडणे हा सर्वांत सार्वत्रिक आणि सर्वांत महाग पडणारा प्रकार होय. चार इंची नळीचे क्षेत्रफळ सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरते. तासाला ६०० घनमीटर हवा सहा इंची नळीतून जाताना तिचा वेग सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर असतो, तर चार इंचीतून तो २१ मीटरवर जातो. तेवढीच हवा नेण्यासाठी घर्षणाचा विरोध सुमारे साडेसात पट होतो. एवढा विरोध घरगुती पंखा पेलू शकत नाही. तो कमी हवा टाकतो आणि अधिक घोंगावतो. चिमणीच्या आवाजाच्या तक्रारींमागे पुष्कळदा आवळलेली नळीच असते.

नळी जितकी आखूड आणि सरळ, तितकी चांगली. चिमणीमागची भिंतच बाहेरची असेल, तर उभी एक-दोन फूट आणि एका वळणाने बाहेर, ही आदर्श स्थिती. काटकोनातील प्रत्येक वळण कित्येक फूट सरळ नळीइतका विरोध करते. म्हणून वळणे दोनपेक्षा अधिक नसावीत आणि असतील ती एकमेकांना चिकटून नसावीत. इथे वास्तुशास्त्राचा एक व्यावहारिक परिणाम नोंदवायला हवा. शेगडी आग्नेयेला आणि स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड पूर्वेला, या आग्रहापायी शेगडी अनेकदा आतल्या भिंतीशी जाते आणि नळीला संपूर्ण खोली ओलांडावी लागते. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा, परंतु शेगडीची जागा ठरवताना बाहेरच्या भिंतीची दिशाही कागदावर असावी, एवढे पाहणे अवघड नाही. खिडकीखालीच शेगडी असलेल्या घरांत चिमणी टांगायला भिंतच नसते. तिथे ओट्याची आखणीच बदलावी लागते आणि अशा बदलाची संधी नूतनीकरणाखेरीज पुन्हा मिळत नाही.

नळी कशाची असावी, याबाबत बाजारात तीन पर्याय दिसतात. कंपनीचा माणूस सहसा अॅल्युमिनियमची घड्यांची लवचीक नळी आणतो. ती कुठेही वळते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. तिच्या घड्यांत तेल साचते, ती न ताणता तशीच सोडली तर विरोध वाढतो आणि मधेच लोंबकळली तर खोलगट भागात तेलाचे डबके होते. पीव्हीसीचा पाइप आतून गुळगुळीत असतो, मात्र उष्णतेने तो नरमतो आणि आग लागलीच तर विषारी धूर देतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची किंवा स्टीलची गोल, कडक नळी या सर्वांत योग्य. खर्च थोडा अधिक येतो, पण फॉल्स सीलिंगच्या आत एकदा गेलेली नळी पुन्हा दिसणार नसते. सांधे अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने आणि क्लॅम्पने बंद करावेत. आतल्या बाजूला टोके येणारे लांब स्क्रू वापरू नयेत, त्यांवर तेल आणि धूळ अडकते.

बाहेरच्या टोकाचीही काळजी घ्यावी लागते. कोकणातील, मुंबईतील वा गोव्यातील पाऊस समुद्राकडून आडवा येतो. म्हणून भोक पाडतानाच त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा आणि तोंडावर खाली वळलेली टोपी बसवावी. भोकाभोवतीची फट नीट भरून घेतली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात आतल्या प्लास्टरवर ओल उमटते. वारा उलटा शिरू नये म्हणून चिमणीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी हलकी झडप असते. बसवताना ती उलटी लागली नाही ना, किंवा वाहतुकीत तिला लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली नाही ना, हे पाहावे. कबुतरे हा शहरातील आणखी एक प्रश्न. त्यांच्यासाठी जाळी लावायची तर ती मोठ्या छिद्रांची असावी. डास अडवणारी बारीक जाळी काही महिन्यांतच तेलाने बंद होते आणि आत बसलेल्यांना ते कळतही नाही.

भिंत, तुळई आणि शेजारी

सहा इंची नळीसाठी साडेसहा-सात इंची गोल भोक लागते. ते छिन्नी-हातोड्याने फोडण्यापेक्षा कोअर कटिंगच्या यंत्राने कापून घ्यावे. भिंतीला हादरे बसत नाहीत आणि कडा स्वच्छ येते. भोक फक्त विटांच्या किंवा ब्लॉकच्या भरावात पाडायचे, तुळई आणि खांब यांना हात लावायचा नाही, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. अडचण अशी, की चिमणीची नळी जिथे पोहोचते तिथेच, छताखालच्या एक-दीड फुटात, तुळई असते. ‘एवढ्याशा भोकाने काय होते?’ असे कारागीर म्हणतो. त्या भोकाच्या वाटेत तुळईतील गजच येतात. नळी तुळईखालून काढावी, त्यापायी चिमणीच्या वरचे कपाट गेले तरी चालेल.

अलीकडच्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला बोलीभाषेत मिवान म्हणतात त्या पद्धतीने, बऱ्याचशा भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे भिंत म्हणजेच इमारतीचा आधार. अशा इमारतींत बांधकामाच्या वेळीच चिमणीसाठी भोक ठेवलेले असेल तर तेच वापरावे. नसेल तर संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय यंत्र लावू नये.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. बाहेरची भिंत तर एकट्या सदस्याची नसतेच. अर्जासोबत भोकाची जागा दाखवणारा साधा नकाशा जोडला, की निम्मे वाद आधीच मिटतात. उरलेले निम्मे शेजाऱ्यांशी असतात. सुके बोंबील भाजल्याचा किंवा लसणाच्या फोडणीचा झोत वरच्या मजल्यावरील खिडकीत जाणार असेल, तर परवानगी असूनही संबंध बिघडतात. बाहेरचे तोंड कोणाच्याही खिडकीपासून, कपडे वाळत घालण्याच्या दांड्यांपासून आणि एअर कंडिशनरच्या बाहेरच्या यंत्रापासून दूर ठेवावे. अनेक जुन्या इमारतींत न्हाणीघरांच्या मागे पाइपांसाठी मोकळी पोकळी असते, तिलाही ‘डक्ट’ म्हणतात. नाव सारखे म्हणून चिमणीचा धूर तिथे सोडण्याचा मोह होतो. ही पोकळी अरुंद असेल तर धूर वर न जाता इतरांच्या न्हाणीघरांत शिरतो, भिंतींवर तेलाचा थर चढतो आणि त्या थराला एखाद्या ठिणगीने पेट घेतला तर पोकळी धुराड्यासारखे काम करते.

बाहेर गेली तेवढी हवा आत यायला हवी

नूतनीकरणाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारी ही बाब सर्वांत जोखमीची आहे. चिमणी तासाला ५००-६०० घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, तर तेवढीच हवा कुठून तरी आत आली पाहिजे. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून ती आपोआप येत असे. सरकत्या अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या घट्ट खिडक्या बसवल्या, त्या पावसाळ्यात किंवा एअर कंडिशनरसाठी बंद केल्या आणि चिमणी सुरू केली, की यंत्र घरातील प्रत्येक फटीतून हवा ओढू लागते. न्हाणीघराच्या जाळीतील पाणी आटलेले असेल तर तिथून गटाराची दुर्गंधी येते. दार उघडायला जड जाते. आणि घरात गॅस गिझर असेल, तर त्याचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत खेचला जाऊ शकतो.

गॅस गिझरच्या ज्वलनात हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग शुद्ध हरपते. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रातही हिवाळ्यात अधूनमधून येतात. त्याच घरात जोरदार चिमणीची भर पडली, तर धोका वाढतो. सकाळी एक जण आंघोळीला आणि दुसरा ओट्याशी, ही तर प्रत्येक घराची वेळ. गॅस गिझर न्हाणीघरात असू नये, हे पहिले. तो बाल्कनीत किंवा स्वयंपाकघराला लागून असेल, तर चिमणी चालू असताना गिझरजवळची हवा कोणत्या दिशेला वाहते, हे पुढे सांगितलेल्या उदबत्तीच्या चाचणीने पाहावे. नूतनीकरण चाललेच आहे तर विजेचा गिझर घेणे अधिक सुज्ञपणाचे.

दुसरी चूक झरोक्याची. स्वयंपाकघराच्या वरच्या भागातील झरोका हीच नळीची सोयीची वाट असते, म्हणून त्यात नळी घालून उरलेला भाग प्लायवूडने किंवा काचेने बंद केला जातो. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साठतो. मुंबई आणि पुण्यातील असंख्य घरे सिलिंडरकडून पाइपच्या गॅसकडे वळली आहेत. त्यांच्यासाठी वरचा झरोका म्हणजे गळतीच्या वेळची सुटकेची वाट आहे, आणि चिमणी बंद असताना तिची झडप ही वाट मोकळी ठेवत नाही. तेव्हा झरोका वेगळा ठेवून नळीला वेगळे भोक द्यावे. गॅसचा पाइप चिमणीच्या किंवा कपाटाच्या आड येत असेल तर तो सरकवण्याचे काम नळकामगाराकडे न देता गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. वास आल्यावर धूर काढण्यासाठी चिमणी लावण्याची चूकही होते. गळतीच्या वेळी विजेचे कोणतेही बटण दाबायचे नसते, चिमणीचेसुद्धा. गॅस बंद करून खिडक्या-दारे उघडायची, एवढेच.

आत येणाऱ्या हवेसाठी फार काही करावे लागत नाही. शेगडीच्या समोरच्या किंवा लांबच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवली तरी पुष्कळ. शेगडीला लागूनची खिडकी उघडल्यास वाऱ्याची झुळूक धूर झाकणाबाहेर पळवते. तसाच प्रकार छताच्या पंख्याचा. उघड्या स्वयंपाकघरात पंखा पूर्ण वेगाने आणि चिमणीही पूर्ण वेगाने लावली, तर दोन यंत्रे परस्परांविरुद्ध काम करतात आणि त्यात पंखा जिंकतो.

कामाचा क्रम

जुना ओटा आणि टाइल्स निघाल्यावर शेगडीची जागा भिंतीवर खडूने आखावी, तिच्या मध्यावरून चिमणीची मध्यरेषा काढावी आणि नळीचे भोक याच वेळी पाडून घ्यावे. वायरिंग, नळकाम, प्लास्टर आणि टाइल्स हे सारे त्यानंतर. चिमणी विकत घ्यायची नसली तरी तिचा नमुना या टप्प्यावर ठरलेला असावा, कारण मापे पुस्तिकेतूनच मिळतात. शेगडीच्या वर चिमणीचा खालचा काठ किती असावा, याचे अंतर बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंटिमीटर देतात. याहून खाली आणल्यास आगीचा आणि डोके आपटण्याचा धोका, वर नेल्यास धूर निसटतो. मोजमाप ओट्यापासून नव्हे, शेगडीच्या माथ्यापासून घ्यायचे. ओट्यावर ठेवायची शेगडी आणि ओट्यात बसवायचा हॉब यांत तीन-चार इंचांचा फरक पडतो, तो कारागीर विसरतात.

विजेची जोडणी साधी आहे. मोटर काहीशे वॉटची असते, त्यामुळे अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट पुरतो. तो शेगडीच्या थेट वर नसावा आणि कपाटामागे कायमचा गाडलेलाही नसावा. दुरुस्तीच्या वेळी पिन काढता आली पाहिजे. चिमणीचे वजन दहा ते वीस किलो भरते. भिंत हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर साधे प्लॅस्टिकचे गट्टू ते पेलत नाहीत, त्या ब्लॉकसाठीचे अँकर वापरावे लागतात. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हातोडी-झटका बंद ठेवला, तर नवी टाइल तडकत नाही.

सगळे बसल्यावर कंपनीचा माणूस जाळीला कागद चिकटवून दाखवतो आणि गिऱ्हाईक समाधानी होते. कागद तर कोणत्याही पंख्याला चिकटतो. खरी परीक्षा उदबत्तीची. चिमणी मधल्या वेगावर ठेवून पेटती उदबत्ती पुढच्या बर्नरच्या बाहेरच्या कडेशी धरावी. धूर वाकून झाकणाखाली जात असेल तर काम ठीक झाले. मग तीच उदबत्ती न्हाणीघराच्या दाराशी, गिझरपाशी आणि नळीच्या प्रत्येक सांध्याशी न्यावी. सर्व खिडक्या बंद करून एकदा आणि एक खिडकी उघडून एकदा, अशी दोनदा. दोन्ही वेळांतील फरक पाहिला की खिडकीचे महत्त्व कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ही चाचणी माणसाला पैसे देण्यापूर्वी करावी.

वापर आणि निगा

कढई तापायला ठेवतानाच चिमणी लावावी. धूर उठल्यावर लावली तर आधीचा लोट खोलीत पसरलेला असतो. गॅस बंद केल्यावरही ती आणखी आठ-दहा मिनिटे चालू द्यावी. पूर्ण वेग फक्त फोडणी, तळण आणि भाजणीपुरता; वरण-भाताच्या वाफेला किमान वेग पुरतो. शक्य असेल तेव्हा तळण मागच्या बर्नरवर करावे, तिथे धूर सर्वांत कमी निसटतो.

बॅफल जाळी महिन्यातून एकदा, तळण अधिक असेल तर पंधरवड्याने, गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावी आणि पूर्ण वाळवूनच परत लावावी. कॅसेट जाळीला याहून अधिक वेळा धुवावे लागते. तेलाची वाटी काठोकाठ भरू देऊ नये. नळीचा आतला भाग वर्षातून एकदा, दिवाळीचे फराळ झाल्यावर, एक सांधा उघडून पाहावा. बोटाला चिकट थर लागत असेल तर ती साफ करवून घ्यावी. या थराला भीती सौंदर्याची नसून आगीची आहे. कढईतील तेलाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करावा, चिमणी ताबडतोब थांबवावी, कारण चालू पंखा ज्वाळा नळीत ओढून घेतो, आणि कढईवर घट्ट झाकण किंवा मोठी परात सरकवावी. पाणी ओतू नये. पेटत्या तेलावर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेल आगीसह उसळते. झाकण तेल थंड होईपर्यंत उचलायचे नसते. त्यानंतर चिमणी लगेच सुरू न करता आधी जाळी काढून आतला भाग जळलेला नाही ना, हे तपासून घ्यावे.